खाली-वर होणारं बेसिन घेतलं, चार महिने वापरून लिहितेय

घरात बाथरूम एकच आणि माणसं अशी की सहा फुटी नवरा, पाच फुटांच्या आतली आई, सहा वर्षांची पोरगी, मी आणि व्हीलचेअरवरचा दादा. जुनं बेसिन माझ्याशिवाय कुणाच्याच मापाचं नव्हतं, पोरगी स्टुलावर चढायची आणि ते स्टूल नेमकं दादाच्या चाकात यायचं. म्हणून हे गॅस स्प्रिंगवालं घेतलं, कडेखालचा खटका दाबायचा आणि हाताने ढकलायचं, ७० ते ९५ सेंटीमीटरमध्ये कुठेही थांबतं.

आम्हाला वाटलेलं की सगळ्यात खाली केलं की दादाचं काम झालं. कसलं काय! खाली केलं की त्याचे गुडघेच अडकतात, खुर्ची आत शिरत नाही. मग वाचलं तर अमेरिकेच्या २०१० च्या एडीए (तिथला अपंगांच्या हक्कांचा कायदा) नियमांत बेसिनची वरची कड जास्तीत जास्त ८६ सेंटीमीटरवर आणि गुडघ्यांसाठी खाली निदान ६८-६९ सेंटीमीटर मोकळं हवं असं आहे, म्हणजे मधे बेसिनच्या जाडीला उरतं किती ते बघा. दादाला ८१ वर बरोबर जमतं, ते पण पुढची कड पातळ आहे म्हणून. ७० पोरीलाच लागतं.

नळ मस्त आहे, लांब दांडीचा, मिटलेल्या मुठीने नाहीतर कोपराने पण उघडतो. पण गरम पाण्याचा पाइप खाली उघडाच ठेवलाय, आणि दादाला पायांना चटका बसलेला कळत नाही, त्याला फोमची नळी आम्ही नंतर स्वतः चढवली. हे कंपनीला सुचायला नको?

फिटिंगचा ताप वेगळाच. भिंतीतलं सांडपाण्याचं तोंड जुन्या उंचीला होतं, बेसिन खाली आणलं की पाणी चढावर जाणार कसं, मग भिंत फोडून ते खाली घेतलं. तरी लवचिक पाइपला झोल पडतोच, केस साचतात, मधूनमधून काढून धुवावा लागतो. घेणाऱ्यांनी प्लंबरला आधी जागा दाखवा, बेसिन नंतर मागवा.

आणि आई वाकून सरळ होताना बेसिनलाच रेटा देते. ते त्यासाठी नाहीये, शेजारी आधाराचा दांडा वेगळा बसवला, तोही विटांच्या भिंतीत. पोकळ पार्टिशन असेल तर आत लाकूड भरल्याशिवाय स्क्रू धरणारच नाहीत.

माझी खरी तक्रार खटक्याची आहे. तो फक्त उजवीकडे, आणि दादाचा उजवाच हात कमजोर. म्हणजे सगळ्यांना स्वतःचं स्वतः जमावं म्हणून घेतलेल्या बेसिनसाठी तो रोज सकाळी हाक मारतो. डावीकडचा मिळेल का विचारलं तर म्हणाले असं कुणी मागतच नाही. तीन स्टार. खटका पुढच्या कडेला आडवा दिला असता तर पाच दिले असते.

हो, आरसा जुनाच राहिलाय, पोरीला त्यात नुसतं कपाळ दिसतं, आता लांब आरसा बघतोय.