विश्रामबागेतल्या वाचनालयाचं रहस्यकथांचं कपाट

मी सांगलीच्या जिल्हा न्यायालयात २९ वर्षं लघुलेखिका होते. दिवसभर साक्षी टिपून बोटं आखडायची, तरी घरी आल्यावर हातात रहस्यकथाच लागायची. त्यामुळे विश्रामबागेतल्या आमच्या छोट्या खासगी वाचनालयात पुरस्कारप्राप्त रहस्यकथांचं वेगळं कपाट आलं, त्याच दिवशी मी वर्गणी भरली. महिना १५० रुपये, एका वेळी दोन पुस्तकं.

निवड मनापासून केलेली आहे. दीपा अनपारा यांची ‘जिन पॅट्रोल ऑन द पर्पल लाइन’ तिथेच मिळाली. सर्वोत्कृष्ट कादंबरीचा २०२१चा एडगर, म्हणजे अमेरिकेतल्या रहस्यकथालेखकांच्या संस्थेचा पुरस्कार, तिला आहे. वस्तीतली मुलं एकेक करून नाहीशी होतात, पोलीस दाद देत नाहीत आणि नऊ वर्षांचा जय शोधायला निघतो. आईबाप तक्रार घेऊन हेलपाटे घालतात, ते वाचताना मला कोर्टाच्या व्हरांड्यातली माणसं दिसत होती.

तक्रार आहे ती चिठ्ठ्यांची. बहुतेक पुस्तकांवर नुसतं ‘पुरस्कार विजेती’. कुठला पुरस्कार, कशाबद्दल, काही नाही. जिथे लिहिलंय तिथेही चूक! केइगो हिगाशिनो यांच्या ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’वर ‘एडगर विजेती’ आहे. ती २०१२मध्ये एडगरच्या अंतिम यादीत होती, पुरस्कार दुसरीला गेला. ‘सस्पेक्ट एक्स’ला मिळाला तो जपानचा नाओकी. तो फक्त रहस्यकथांसाठी नसतो, म्हणून मला तो मान जास्त मोठा वाटतो. नेमका तोच लिहायचा राहिला.

यानं वाचकाचं नुकसान होतं. शेजारच्या काकूंना रक्तपात सोसत नाही. चिठ्ठी बघून त्यांनी एक कादंबरी नेली आणि दुसऱ्या दिवशी परत आणली. ‘अगाथा’ पुरस्कार रक्तपात टाळणाऱ्या, जुन्या वळणाच्या रहस्यकथांना असतो. तेवढं लिहिलं असतं तर खालच्या फळीवरची सुजाता मॅसी यांची, १९२१च्या मुंबईतल्या वकील बाईंची कादंबरी काकूंना आपोआप सापडली असती.

बाबूराव अर्णाळकर मात्र मागच्या खोलीत सुतळीनं बांधलेले. हजारावर रहस्यकथा लिहिणारा माणूस! त्यांचा नायक झुंजार याच कपाटात हवा, चिठ्ठी असो नसो. वाचनालयाच्या ताईंना तसं म्हटलं तर त्यांनी लगेच गठ्ठा सोडला आणि कोऱ्या चिठ्ठ्या माझ्यापुढे ठेवल्या. आतापर्यंत ४१ लिहून झाल्यात, जपानी फळी शनिवारी घेणार आहे.