एगर की तोकाय? हंगेरीतली खडकात खोदलेली वाइन-तळघरं

बुडापेस्टला गेलात आणि हाताशी एकच मोकळा दिवस असेल, तर एगर. दोन असतील आणि गोड वाइन चालत असेल, तर तोकाय. घाईतल्यांना एवढं पुरे.

दोन्हीकडचा खडक टफ, म्हणजे ज्वालामुखीची राख साचून घट्ट झालेली. वेरूळचा काळा पाषाण फोडणाऱ्यांना तो लोण्यासारखा वाटला असता. कुदळीने निघतो, तरी छत टिकतं. आत बाराही महिने साधारण १० ते १२ अंश, त्यामुळे जुलैतही स्वेटर न्याच.

एगरला बुडापेस्टहून ट्रेनने दोनेक तास. गावातून चालत ‘सुंदर स्त्रीच्या दरी’त उतरलं की तळघरांची दारंच दारं. पुढ्यात बाकं, हातात ‘बिकावेर’ ही लाल वाइन. नावाचा अर्थ बैलाचं रक्त. १५५२च्या वेढ्यात किल्ला लढवणाऱ्यांच्या वाइनने लाल झालेल्या दाढ्या बघून, हे बैलाचं रक्त पितात असं वाटून तुर्क घाबरले म्हणे! दंतकथाच, पण पेल्यासोबत छान जाते. थोडक्यात, इथलं तळघर बसायला आहे.

तोकायचं तळघर कामाला आहे. भिंतींवर मखमलीसारखी काळी बुरशी असते. पिंपांतून उडणाऱ्या अल्कोहोलच्या वाफेवर ती जगते. पुसायचा विचारही कोणी करत नाही, कारण ती असणं म्हणजे हवा हवी तितकी दमट आहे. बाहेर बोद्रोग आणि तिसा नद्यांच्या धुक्याने द्राक्षांवर वेगळीच बुरशी धरते, मणी सुकून मनुकांसारखे होतात आणि त्यांतून ‘असू’ ही गोड वाइन बनते. ती लाकडी पिंपात किमान १८ महिने राहते. १३६ लिटरचं छोटं ‘गोंत्सी’ पिंप ही तिथली जुनी ओळख.

मात्र एक गोष्ट आधी माहीत असलेली बरी. तोकाय गावच्या डोंगरावर वाऱ्याने आणलेल्या पिवळ्या मातीचा थर आहे आणि काही तळघरं त्या मातीतच आहेत. खडकासाठीच जाणार असाल तर तोकाय भागातल्याच शारोशपाताकजवळचं हेर्त्सेगकूत हे गाव गाठा. टेकडीच्या उतारावर तळघरांच्या त्रिकोणी दगडी दर्शनी भागांच्या एकावर एक रांगा आहेत. २००२ पासून त्या जागतिक वारशात मोडतात. माझं मत विचाराल तर दुसरा दिवस काढावा तो यांच्यासाठीच.

अडचण गाडीची. हेर्त्सेगकूतला स्वतःच्या वाहनाने जाणं सोपं, पण हंगेरीत चालकाच्या रक्तात अल्कोहोल अजिबात चालत नाही. तेव्हा कोण पिणार नाही हे निघतानाच ठरवा, नाहीतर शारोशपाताकपर्यंत ट्रेन आणि पुढे टॅक्सी.