गिन्सबर्ग: डिलनसोबत की क्लॅशसोबत?

बीट कवी (म्हणजे पन्नाशीच्या दशकातल्या अमेरिकेतल्या बंडखोर कवी-लेखकांपैकी एक) ॲलन गिन्सबर्ग दोन वेगळ्या काळांतल्या बंडखोर गाणाऱ्यांसोबत दिसतो, अमेरिकन गायक-गीतकार बॉब डिलन आणि ब्रिटिश पंक रॉक बँड द क्लॅश, आणि मला दोन्ही जोड्या जाम आवडतात पण सारख्या नाही.

१९६५ ला लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलमागच्या गल्लीत, एका गाण्याच्या चित्रफितीत, डिलन हातातले गाण्याच्या शब्दांचे कार्ड एकेक करून टाकतोय आणि मागे दाढीवाला गिन्सबर्ग नुसता उभा, गात नाही काही नाही, पण तो तिथे असणं म्हणजेच डिलनच्या शब्दांमागे बीट कविता आहे हे उघड सांगणं. मग १९७५ च्या टूरमध्ये दोघं अमेरिकेतल्या लोवेलला बीट लेखक जॅक केरुअॅकच्या कबरीपाशी जाऊन बसले, तो प्रसंग वाचताना आजही गलबलतं.

क्लॅशचं वेगळं. १९८१ ला न्यूयॉर्कमध्ये त्यांच्या स्टेजवर चढून गिन्सबर्गने स्वतःची कविता गायली, आणि १९८२ च्या 'कॉम्बॅट रॉक'मधल्या एका गाण्यात त्याचा आवाजच आहे, बँडचा गायक स्ट्रमर ओरडतोय आणि हा पंचावन्न-छप्पनचा माणूस शेवटी बौद्धांच्या प्रज्ञापारमितेचं हृदयसूत्र म्हणतोय, पंकच्या गाण्यात!

डिलनवर त्याचा प्रभाव जास्त खोल, मान्य. पण मला विचाराल तर क्लॅशच, कारण तिथे कवी पाहुणा राहत नाही, बँडमधलाच एक होतो.