पासामाक्वॉडी मेपल: ज्यांची जमीन, त्यांचेच सिरप

अमेरिकेत मेपल सिरप, म्हणजे मेपलच्या झाडाचा रस आटवून केलेला पाक, कोणत्याही किराणा दुकानात मिळते. तरीही मेन राज्यातील पासामाक्वॉडी या मूलनिवासी जमातीच्या स्वतःच्या मालकीच्या ‘पासामाक्वॉडी मेपल’ या उद्योगाची बाटली मी मुद्दाम मागवली, आणि तेव्हापासून आमच्या घरात दुसरे सिरप आलेले नाही. त्याआधी एका दुकानातून मेपलच्या पानाचे चित्र पाहून जी बाटली आणली होती, ती लेबल वाचल्यावर मक्यापासून केलेला, वरून वास घातलेला पाक निघाली होती.

मी गडद प्रत घेतली. चमचा तिरका केला की धार काकवीपेक्षा पातळ पडते. रंग कोऱ्या चहाचा. आधी स्वच्छ गोडी, मग किंचित खरपूसपणा, आणि काकवीचा उग्र खारटपणा मात्र अजिबात नाही. गरम घावनावर ते जाळीत मुरते तेव्हा त्याची खरी चव कळते. रात्री गोठणाऱ्या आणि दिवसा वितळणाऱ्या थंडीच्या अखेरच्या दिवसांत झाडांतून पाण्यासारखा रस पाझरतो. त्यात साखर जेमतेम दोन टक्के असते, म्हणून सुमारे ४० लिटर रस आटवावा तेव्हा एक लिटर सिरप हाती येते. गुऱ्हाळ पाहिलेल्या माणसाला या आटवणीचे मोल वेगळे सांगायला नको.

हा रस जॅकमन गावाजवळच्या, क्वेबेकच्या सीमेलगतच्या जमातीच्या जंगलातून येतो, आणि हे सिरप मला मोलाचे वाटते ते त्या जमिनीमुळे. पासामाक्वॉडी हे वाबानाकी, म्हणजे पहाटेच्या भूमीतल्या, लोकसमूहांपैकी एक. त्यांचे नेते जॉन स्टीव्हन्स यांना १९५७ साली एका वृद्ध स्त्रीने खोक्यात जपून ठेवलेली, जमातीला जमीन राखून देणाऱ्या १७९४ च्या तहाची प्रत सापडली. त्या आधारावर, अमेरिकी संसदेच्या (काँग्रेसच्या) संमतीशिवाय जमातींची जमीन घेता येत नाही या १७९० च्या कायद्याचा हवाला देऊन, त्यांनी लढा उभारला. १९७५ मध्ये संघीय अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला आणि १९८० च्या समझोत्यात पासामाक्वॉडी, पेनॉबस्कॉट व होल्टन मॅलिसीट या मेनमधल्या तीन जमातींना मिळून ८.१५ कोटी डॉलर मिळाले; त्यांतले ५.४५ कोटी जमीन विकत घेण्यासाठीच होते. स्वतःचीच जमीन पैसे मोजून परत घ्यावी लागली, हे वाचताना मला फार वाईट वाटले.

त्या समझोत्याची किंमत अजूनही मोजली जात आहे. १९८० नंतर जमातींच्या हितासाठी झालेले संघीय कायदे, त्यांत मेनचा स्पष्ट उल्लेख असल्याशिवाय, तेथे राज्याच्या अधिकाराला बाध आणत असतील तर लागू होत नाहीत. पासामाक्वॉडींच्या सिपाइक वस्तीला पिण्याच्या चांगल्या पाण्याचा मार्ग मोकळा करायलाही २०२२ मध्ये राज्याचा कायदा करावा लागला, आणि २०२३ मध्ये हे बंधन सैल करणारे विधेयक राज्यपालांनी नकाराधिकाराने रोखले. अशा स्थितीत जमातीने स्वतःच्या जंगलातून, स्वतःच्या निर्णयाने उभा केलेला हा उद्योग मला फार मोठा वाटतो, आणि साध्या सिरपपेक्षा चार पैसे जास्त द्यायला मी आनंदाने तयार आहे.

बाटली उघडल्यावर फ्रिजमध्येच ठेवावी; बाहेर राहिल्यास बुरशी धरते. पुढच्या खेपेला मी सर्वांत गडद प्रत मागवणार आहे.