भाड्यासाठी पहिलं घर: जुनं घ्यावं की नवं?

भाड्याने द्यायला पहिलं घर घेताना बहुतेकांचा ओढा नव्याकडे असतो. कटकट नको, एवढंच कारण. माझं मत उलटं आहे. नीट तपासलेलं जुनं घर बरं, कारण त्याचे बरेचसे दोष एव्हाना वर आलेले असतात.

हिशोब आधी. वर्षाचं भाडं भागिले घराची किंमत हा आकडा जुन्यात सहसा चांगला निघतो. भाड्यातून आधी देखभाल, कर, विमा वजा करा, आणि घर रिकामं राहील तो काळही. वर्षात एकच महिना भाडेकरू नसला तरी ८ टक्क्यांहून जास्त उत्पन्न गेलं. नव्यात दुरुस्ती कमी, पण हप्ता मोठा.

खरा फरक पडतो तपासणीत. जुन्या घरात आधी मान वर करून छत बघा. स्लॅबचे पोपडे निघून सळई दिसत असेल तर सरळ पुढचं घर गाठा. गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीट आतून फोडत राहते, वरून प्लास्टर थापून ते थांबत नाही. भिंतीच्या पायथ्याशी पांढरा खार म्हणजे ओल. केसाएवढ्या भेगांना घाबरू नका. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघून रुंदावत गेलेली भेग मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवाच. सगळे नळ एकदम सोडा, कारण जुने लोखंडी पाइप आतून गंजून अरुंद होतात. आणि अख्ख्या घरात एकाच भिंतीला ताजा रंग असेल तर का, ते विचारा.

नव्यात सगळंच चकाचक, मग बघायचं काय? बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओता. जाळीकडे न जाता ते कोपऱ्यात साचलं तर उतार चुकलाय. टाइल नाण्याने वाजवा. पोकळ आवाज आला तर खाली माल भरलेला नाही. बाहेरच्या भिंतींची गळती मात्र जोराचा पाऊस झाल्याशिवाय कळत नाही.

घर तपासणाऱ्या तज्ज्ञाची फी दोन्हीकडे द्यावी. तो भिंत फोडून बघत नाही, दिसेल तेवढंच लिहितो, म्हणून सोबत जा. जुन्यात त्याचा अहवाल भाव पाडायला कामी येतो, नव्यात ताबा घेण्याआधी बिल्डरकडून कामं करून घ्यायला.

फक्त तुम्ही घरापासून लांब राहत असाल, प्लंबरच्या मागे लागायला वेळ नसेल, तर कमी परतावा मान्य करून नवंच घ्या.