ज्वारीची भाकरी की नाचणीची?

कॅल्शियमचाच प्रश्न असेल तर वाद तिथेच मिटतो. 100 ग्रॅम नाचणीत साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, ज्वारीत जेमतेम 25-30. म्हणून वाढत्या मुलांना आणि चाळिशीपुढच्या बायकांना नाचणी द्यावी. त्यातही ती भिजवून, मोड आणून, वाळवून दळलेली बरी, कारण मोड आल्यावर त्यातलं फायटेट (कॅल्शियम अडवून ठेवणारा घटक) कमी होतं आणि कॅल्शियम अंगी लागतं. बाळाचं नाचणी सत्त्व करण्याची आपली जुनी पद्धत हीच.

प्रथिनांत मात्र ज्वारी पुढे: 100 ग्रॅममागे सुमारे 10 ग्रॅम, नाचणीत 7. ग्लुटेन दोन्हींत नाही. लोहासाठी यांच्यापेक्षा बाजरी बरी, पण तो विषय वेगळा.

आता परातीतली गोष्ट. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीचं ताजं पीठ गरम पाण्यात मळलं की भाकरी सरसर थापली जाते, तव्यावर टम्म फुगते. पीठ जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, कडांना चिरा पडतात. नाचणीला उकड काढावीच लागते, घाईच्या सकाळी हे कोण करणार? आणि गार झाली की ती वातड होते, डब्याला नकोच.

मधुमेह असेल तर नाचणीची पातळ, गोड लापशी टाळा. ती पटकन पचते आणि साखर चढते. भाकरी खा, सोबत उसळ हवी.

माझं मत विचाराल तर रोज ज्वारी, आठवड्यातून दोन-तीनदा नाचणी. कोकणातली माणसं हे मान्य करणार नाहीत, ते वेगळं.