मासळी विकायला अनुदानातली तीनचाकी घेतली, दीड वर्षानंतरचा रिव्ह्यू

तर आईच्या नावावर प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतून आइस बॉक्सवाली तीनचाकी घेतली त्याला आता दीड वर्ष होऊन गेलं. वाडीतली पोरं सारखी विचारतात घेऊ का, घेऊ का, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. गाडीचा रिव्ह्यू आहे आणि योजनेचापण.

ज्यांना माहीतच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. योजना २०२० ची, मोठी आहे, २० हजार ५० कोटींची, पाच वर्षांसाठी होती ती नंतर २०२५-२६ पर्यंत वाढवली. अनुदान खुल्या गटाला ४० टक्के, महिला आणि एससी-एसटीला ६० टक्के. म्हणून अर्ज आईच्या नावाने. यात काही पळवाट वगैरे नाही हां, पंचवीस वर्षं डोक्यावर पाटी घेऊन दारोदार तीच फिरलीय, मी फक्त ड्रायव्हर. यादीत बरंच काय काय आहे, साध्या सायकलला बर्फाची पेटी लावण्यापासून खोल समुद्रातल्या १ कोटी २० लाखांच्या बोटीपर्यंत. आता त्या बोटीचं गणित बघा, ६० टक्के मिळाले तरी ४८ लाख आपले. आमच्या वाडीत सगळ्यांची घरं विकली तरी जमणार नाही. म्हणून म्हटलं आपली तीनचाकीच बरी.

आता खरी गोम सांगतो. तीनचाकीला योजनेने किंमत धरलीय ३ लाख. आम्हाला पेटी, पासिंग, इन्शुरन्स धरून पडली ३ लाख ३८ हजारांना. अनुदान ३ लाखांवरच, म्हणजे १ लाख ८० हजार. ६० टक्क्यांचे आमचे ५३ झाले. आणि हे पैसे आधी मिळत नाहीत! आधी मंजुरी, मग स्वतःच्या पैशाने नाहीतर बँकेच्या कर्जाने गाडी घ्यायची, मग साहेब येऊन बघणार, गाडीसमोर आईला उभी करून फोटो काढणार, मग फाइल वर जाणार, मग पैसे. आईला हे समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "पैशे आधी आपणच घालूचे नि सरकार मागसून देतला, मगे ह्येका अनुदान कित्याक म्हणतत?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

अर्ज जानेवारी २०२३ मध्ये केला, गाडी आली ऑक्टोबरमध्ये, अनुदान आलं पुढच्या जुलैच्या शेवटी. नऊ महिने. बँकेचं (नाव लिहीत नाही, अजून खातं तिथेच आहे) अडीच लाख कर्ज, वरचे ८८ हजार आईच्या पाटल्या गहाण ठेवून. बँकेत तीनदा परत पाठवलं, एकदा कोटेशनची मुदत संपली म्हणून, एकदा मच्छीमार सोसायटीच्या सभासद दाखल्यावर आईचं नाव माहेरचं म्हणून, आणि तिसऱ्यांदा साहेब रजेवर. मधल्या काळात एक एजंट भेटला, दहा हजार द्या फाइल हलवतो म्हणाला. दिले नाहीत, पण खोटं कशाला बोला, एक रात्र विचार केला होता.

आणि बंदीचं कोणी बोलतच नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या बंद, मासळीचं लँडिंग नाही, पेटी रिकामी, पण हप्ता बंदी पाळत नाही ना. आठ हजारांचे दोन हप्ते आम्ही सुकट आणि सुके बांगडे विकून भरले. सुकी मासळी चुकूनसुद्धा पेटीत ठेवू नका, वास जो बसतो तो निघतच नाही, आम्ही वर कॅरियरवर ताडपत्रीत बांधून नेतो. बँकांनी मच्छीमाराला दहा महिन्यांचा हप्ता का बांधून देऊ नये? शेतकऱ्याला पीक बघून कर्ज देताच की. एप्रिल २०२५ मध्ये राज्याने मासेमारीला शेतीचा दर्जा दिलाय, बघू या खालपर्यंत कधी पोचतो.

एवढं सगळं रडून झाल्यावर आता चांगलं. गाडीने धंदा बदलला हे शंभर टक्के खरं. आधी आई लिलावात बांगडा घ्यायची, टेम्पोवाल्याला पाटीमागे पैसे द्यायची, आणि अकरा वाजले की बांगड्याचा डोळा लाल व्हायला लागायचा, गिऱ्हाईक गाल उघडून बघायचं नि निम्म्या भावात मागायचं. संध्याकाळी उरलेलं मिठात. आता सकाळी जेटीवर एक लादी फोडून खाली एक थर बर्फ, मग मासळी, परत बर्फ, असं भरून आम्ही किनाऱ्यापासून पस्तीस-चाळीस किलोमीटर आतल्या वाड्यांत जातो. दुपारी एकला पेटी उघडली तरी बांगडा ताठ. तिकडे सौंदाळे, मांदेली असली बारीक मासळीपण खपते, जी इथे बंदरावर कोणी विचारत नाही. डिझेल-बर्फ जाऊन रोजचे सहा-सातशे तरी जास्त सुटतात. पाटल्या गणपतीत सोडवल्या.

पेटीबद्दल. पफची आहे, म्हणजे आत गारवा धरणारा फोम भरलेली, बर्फ चांगला टिकतो, पण पाणी जायचं बूच ज्याने ठेवलं त्याने आयुष्यात मासे विकले नसणार. पुढच्या कोपऱ्यात, सीटच्या मागे! चढ लागला की पाणी मागे जाऊन साचतं, उतार लागला की पुढे येऊन बुचातून माझ्या सीटखाली. पहिल्याच पावसाळ्यात सीटखालचा पत्रा गंजून हाताने तुटला. झाकणाच्या बिजागऱ्या साध्या लोखंडाच्या होत्या, खाऱ्या हवेत सहा महिन्यांत गेल्या, स्टीलच्या बसवून घेतल्या. घेतानाच डीलरकडून स्टीलच्या लिहून घ्या, नंतर तो ओळख दाखवत नाही.

माझं रेटिंग: गाडीला पाचपैकी चार, पेटीला अडीच, योजनेला कागदावर साडेचार आणि हातात पैसे पडेपर्यंत दोन. ज्याच्याकडे लाखभर रुपये किंवा गहाण ठेवायला काही आहे त्याने डोळे मिटून घ्या. ज्याच्याकडे काहीच नाही, म्हणजे खरी गरज ज्याला आहे, त्याने आधी बाइकवर आइस बॉक्सचं बघा, त्याला ७५ हजार किंमत धरलीय, अडकली तरी रक्कम छोटी. आमच्या शेजारच्या काकींनी तेच केलं, मुलगा चालवतो, त्यांचं चाललंय बरं.

पुढच्या आठवड्यात बंदी लागते, गाडी दोन महिने उभीच राहणार, तेवढ्यात ते बूच मागच्या बाजूला काढून घ्यायचंय. मालवण, देवगड, कुडाळ कुठेही चालेल, पफची पेटी फोडून नीट परत सील करून देणारा कोणी माहीत असेल तर खाली सांगा.